मतदारयादी आणि गहाण सोनं

वडिलांनी स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा मी दुसरीत होतो, ती दारात आली तेव्हा आठवीत. मधली सहा वर्षं बुकिंगची पावती कपाटाच्या चोरकप्प्यात आजीच्या पाटल्यांशेजारी असायची. वडील पक्के नेहरूवादी. स्कूटर उशिरा येण्याचा नेहरूंशी काही संबंध असेल, असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. माझा आतेभाऊ हिंजवडीत नोकरी करतो, त्याच्या मनात दुसरं काही येतच नाही. त्याच्या लेखी देश सुरू झाला तो १९९१ च्या जुलैत, त्याआधी होती ती नुसती रांग. दिवाळीत हे दोघं समोरासमोर बसले की चिवड्याच्या ताटावरून एक भाक्रा-नांगल फेकायचा, दुसरा परकीय चलनाचा साठा. वडील आता नाहीत. आतेभाऊ अजून भांडतो, आता माझ्याशी.

जवाहरलाल नेहरू आणि पी. व्ही. नरसिंह राव यांच्या या भांडणात एक शब्द सारखा येतो आणि तो मोठा लबाड आहे. तो म्हणजे ‘काळात’. नेहरूंच्या काळात आयआयटी आल्या, रावांच्या काळात मोबाईल आला. ते त्या माणसानं केलं, त्याच्या डोळ्यांदेखत आपोआप झालं, की त्याला नको असताना झालं, हे ‘काळात’ म्हटलं की सांगावंच लागत नाही. रावांच्या पाच वर्षांत देशभर मोठा दुष्काळ पडला नाही. १९८७ नंतर तसा दुष्काळ पडला तो थेट २००२ साली. याचं श्रेय रावांना कुणी देत नाही, कारण पाऊस त्यांनी पाडला नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण विकासदराच्या आकड्यात हाच पाऊस मुरलेला असतो, तो मात्र आपण पंतप्रधानाच्या खात्यावर बिनदिक्कत जमा करतो.

म्हणून मी दोनच गोष्टी विचारतो. त्या खुर्चीत दुसरं कुणी असतं तर हे झालं असतं का? आणि जे चुकलं, ते चुकतंय असं त्याच वेळी कुणी तोंडावर सांगत होतं का? नंतर शहाणपण सुचणारे खूप असतात, त्यांना यात जागा नाही.

आधी राव, कारण त्यांचा हिशेब वरवर सोपा दिसतो. २१ जून १९९१ ला ते पंतप्रधान झाले. त्या वर्षीची लोकसभा त्यांनी लढवलीच नव्हती, दिल्लीतलं सामान बांधून निघायच्या बेतात होते. तिजोरीत सुमारे दोन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर. पण सोन्याची गोष्ट त्यांच्याआधीच सुरू झाली होती. मे महिन्यात चंद्रशेखर सरकारनं जप्त केलेलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत परदेशी धाडलं होतं आणि जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरून झाले होते. जुलैत रिझर्व्ह बँकेचं आणखी सुमारे ४७ टन सोनं मुंबईतून बाहेर गेलं, ते रावांच्या सहीनं. घरातलं सोनं सावकाराकडे ठेवताना माणूस कसा तोंड लपवून जातो, तसाच तो सगळा मामला होता. १ आणि ३ जुलैला रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. दुसऱ्या टप्प्याआधी राव कचरले, थांबवता येईल का अशी विचारणा झाली. तोवर रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांनी तो उरकूनही टाकला होता.

इथपर्यंतचं सगळं कुणालाही करावंच लागलं असतं. तिजोरी रिकामी झाली की पंतप्रधानाचं मत काय आहे याला फारशी किंमत उरत नाही. ‘रावांनी देश वाचवला’ हे आतेभावाचं लाडकं वाक्य मला म्हणूनच पटत नाही. त्या महिन्यात देश वाचवला नसता असा पंतप्रधान शोधून सापडला नसता.

रावांचं खरं कर्तृत्व पुढे आहे, आणि ते दिसायला १९६६ आठवावं लागतं. त्या वर्षी ६ जूनला इंदिरा गांधींनीही परदेशी दडपणाखाली रुपया उतरवला होता, डॉलरमागे पावणेपाच रुपयांवरून साडेसातवर. आयातीवरची बंधनंही सैल केली होती. पदरात पडली ती शिवीगाळ, आशेवर ठेवलेली मदत पुरती आली नाही, १९६७ च्या निवडणुकीत फटका बसला, आणि मग सरकार उलट्या पावली फिरलं. पुढच्या दशकात बंधनं वाढतच गेली. म्हणजे संकट आलं की सुधारणा होतेच असं नाही. संकट सरलं की माणूस पुन्हा जुन्या खोडीला जातो, हाच आपला अनुभव होता.

राव गेले नाहीत. २४ जुलै १९९१ ला अर्थसंकल्पाच्याच दिवशी नवं औद्योगिक धोरण आलं आणि अठरा उद्योग सोडून बाकीच्यांची परवानापद्धती संपली. उद्योगखातं त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. अर्थमंत्री म्हणून आधी आय. जी. पटेल यांना विचारलं, ते नको म्हणाले तेव्हा मनमोहन सिंग यांना आणलं. पक्षात वजन नसलेला अर्थतज्ज्ञ मुद्दाम निवडायचा आणि त्याच्यावरचे वार आपण झेलायचे, हा डाव राजकारणी माणसाचाच. १९९३-९४ पर्यंत परकीय चलनाची गंगाजळी भरली होती, नाणेनिधीची काठी डोक्यावर राहिली नव्हती. १९९३ मध्ये राहुल बजाज यांच्यासारखे उद्योगपती, ज्यांना ‘बॉम्बे क्लब’ म्हटलं गेलं, परदेशी कंपन्यांशी लढायला आधी आम्हाला सारखं मैदान द्या म्हणून तक्रार करत होते. १९९४ च्या अखेरीस आंध्र आणि कर्नाटक हातचं गेलं, मार्च १९९५ मध्ये महाराष्ट्रही. मागे फिरायला यापेक्षा सोयीचा मुहूर्त कोणता? वेग कमी झाला हे खरं, शेती आणि कामगार कायद्यांना त्यांनी हात लावला नाही हेही खरं. पण पाऊल मागे पडलं नाही. काँग्रेसचे २३२ खासदार घेऊन आलेल्या, बहुमत नसलेल्या, गर्दी खेचता न येणाऱ्या माणसाचं हे काम आहे.

हे त्यांनी केलं ते न बोलता. परवानाराज मोडणाऱ्या त्या धोरणाच्या निवेदनाची सुरुवातच नेहरूंच्या गौरवानं होते. घर पाडायला घेताना आधी वास्तुपुरुषाला हळदकुंकू लावावं, तसं. पण याच मौनाची दुसरी बाजू ६ डिसेंबर १९९२ आहे. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं इतकं लख्ख उत्तर क्वचितच मिळतं. केंद्रीय गृहसचिव होते माधव गोडबोले. बाबरी मशिदीची वास्तू केंद्रानं वेळीच ताब्यात कशी घ्यावी, याची सविस्तर योजना त्यांनी नोव्हेंबरमध्येच तयार करून दिली होती. रावांनी ती वापरली नाही. उत्तर प्रदेश सरकारनं सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या हमीवर ते विसंबले. पुढचे दोन महिने मुंबईनं काय भोगलं ते इथल्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. गोडबोले यांनी मार्च १९९३ मध्ये मुदतीआधी निवृत्ती घेतली. आणि १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हा गृहमंत्री राव होते, हेही विसरू नये. अर्थव्यवस्थेत थांबून बघणं हा त्यांचा गुण ठरला, कारण तिथे दोन महिन्यांनी काही बिघडत नव्हतं. जमाव जमतो तिथे दोन तासांत बिघडतं.

आता नेहरू. वडील धरणं मोजायचे. मी त्यांना म्हणायचो, धरणं मोजू नका. भाक्रा नांगलचं नियोजन स्वातंत्र्याच्या आधीपासून चाललं होतं आणि मोठे उद्योग सरकारनं उभारावेत, हे १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’मध्ये टाटा-बिर्लांनीही मान्य केलं होतं. त्या दशकात कुणीही पंतप्रधान झालं असतं तरी धरणं आणि पोलादाचे कारखाने उभे राहिलेच असते. प्रौढ मताधिकारही एकट्या नेहरूंचा नाही. तो घटना समितीनं दिला. मग नेहरूंचं काय उरतं?

उरतं ते वागणं. १९५१-५२ च्या निवडणुकीत ४८९ पैकी ३६४ जागा, पुढच्या दोन निवडणुकांतही साडेतीनशेच्या वर. एवढी सत्ता हाती आलेल्या नव्या देशांच्या नेत्यांचं पुढे काय झालं, हे आशिया-आफ्रिकेचा नकाशा उघडला की दिसतं. सरकारी आयुर्विम्याचा पैसा मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांत गुंतवल्याचं ‘मुंदडा प्रकरण’ १९५७ च्या अखेरीस लोकसभेत काढलं ते फिरोज गांधींनी, म्हणजे पंतप्रधानांच्याच पक्षाच्या खासदारानं आणि त्यांच्याच जावयानं. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली, लोक ती ऐकायला गर्दी करत, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. त्याआधी १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं, तेही पंतप्रधानांवर भर संसदेत टीका करून. त्यानंतर त्यांच्यामागे कुठला ससेमिरा लागला नाही. उलट विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं. आज हे वाचताना कथा-पुराण वाटतं, हा नेहरूंचा दोष नाही.

नेहरूंच्या भक्तांनी फार खूश होण्याचंही कारण नाही. पहिली निवडणूक होण्याआधीच, जून १९५१ मध्ये, पहिली घटनादुरुस्ती करून भाषणस्वातंत्र्याला कात्री लावली ती याच लोकशाहीवादी पंतप्रधानांनी. जुलै १९५९ मध्ये केरळचं निवडून आलेलं सरकार बरखास्त झालं. आणि आपण मराठी माणसं संयुक्त महाराष्ट्र कसे विसरू? शंभराहून अधिक माणसं गोळीबारात गेली. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा वाटेवर काळी निशाणं उभी होती. मराठी मताचा अर्थ त्यांना कळायला मतपेटीतून समितीचे उमेदवार बाहेर पडावे लागले. तरी कळला, आणि १ मे १९६० उजाडला. उशिरा ऐकलं, रक्त सांडल्यावर ऐकलं, पण मतं मोजून ऐकलं.

चीनबद्दल मी फार लिहिणार नाही. ती जखम सगळ्यांना पाठ आहे, आणि संरक्षणखातं सावरायला यशवंतरावांना मुंबईहून बोलवावं लागलं, हे आपल्याकडे इतक्या वेळा सांगून झालंय की सह्याद्रीलाच आता संकोच वाटत असेल. मला जास्त बोचतं ते वेगळं.

आतेभावाचा सगळा राग दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर असतो. १९५६, योजनेचा आराखडा आखणारे महालनोबीस, अवजड उद्योग, परवाने. सांगणारे तेव्हाही होते. बी. आर. शेनॉय यांनी १९५५ मध्येच अर्थतज्ज्ञांच्या मंडळात राहून वेगळी टिपणी जोडली होती, तुटीचा अर्थभरणा आणि नियंत्रणं अंगाशी येतील म्हणून. मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी तर दुसरा आराखडाच पुढे ठेवला. आधी धान्य, कापड अशा कष्टकऱ्याला रोज लागणाऱ्या वस्तू वाढवा, त्यांच्या जोरावर रिकाम्या हातांना काम द्या, यंत्रं बनवणारी यंत्रं नंतर बघू. तो आराखडा चालला असता की नाही, कोण सांगणार? पण नेहरूंना अर्धी सूट द्यावीच लागते, कारण जगभरचे बहुतेक नावाजलेले अर्थतज्ज्ञ तेव्हा त्यांच्या बाजूनं होते. आणि ज्या रांगेत माझे वडील उभे होते, ती लांबवली नंतरच्यांनी. १९५१ चा परवान्याचा कायदा नेहरूंचा, पण १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा, बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९७३ चा परकीय चलनाचा कायदा हे त्यांच्या मागून आलं. १९६४ ते १९९१ ही सत्तावीस वर्षं कुठे गेली? दोन टोकांच्या माणसांची तुलना करताना मधली माणसं अलगद सुटतात. आणि मधल्यांत राव स्वतः होते. १९८० पासूनचं जवळजवळ सगळं दशक ते केंद्रात मंत्री होते, आणि त्या परवान्यांविरुद्ध त्यांनी तेव्हा आवाज उठवल्याचं कुणी सांगत नाही.

ज्याला अर्धीही सूट देता येत नाही, ती चूक प्राथमिक शिक्षणाची. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण दहा वर्षांत देऊ, असं घटनेच्या ४५ व्या कलमात लिहिलं होतं. म्हणजे १९६० पर्यंत. १९५१ ला साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, १९६१ ला २८. त्या दहा वर्षांत खडगपूरपासून पवईपर्यंत आयआयटी उभ्या राहिल्या, खेड्यातली शाळा एकाच मास्तरावर चालत राहिली. इथे ‘तेव्हा कुणाला कळत नव्हतं’ हे म्हणायची सोय नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच सांगितलं होतं. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, तो आधी खालच्या शाळांना द्या. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते गोऱ्या सरकारनं पाडलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात ते करून दाखवलं, एका लहानशा संस्थानाच्या खजिन्यावर. नेहरूंना अर्थतज्ज्ञांची वाट बघायची गरजच नव्हती. आतेभाऊ या मुद्द्यावर गप्प बसतो, कारण तो स्वतः आयआयटीचा.

मग पारडं कुणाचं जड? हातचं राखून लिहायला मला आवडत नाही. माझ्या मते नेहरूंचं, आणि त्याचं कारण वडील सांगायचे ते नाही. रावांनी केलं ते सगळं त्यांना एका दुबळ्या सरकारातून करता आलं. रस्त्यावर रणगाडे आणावे लागले नाहीत, विरोधकांना डांबावं लागलं नाही. विश्वासदर्शक ठराव, अर्थसंकल्पावर चर्चा, खतांची ४० टक्के दरवाढ आरडाओरडा झाल्यावर ३० वर आणणं, या सगळ्या वाटांनी त्यांना जाता आलं. या वाटा मळल्या होत्या त्या नेहरूंच्या सतरा वर्षांत. राव या वाटांवरून कधी वाकडेही गेले. जुलै १९९३ चा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ नं फेटाळला गेला, आणि त्यातली काही मतं विकत घेतल्याचा खटला त्यांच्यावर चालला. खालच्या न्यायालयानं २००० मध्ये दोषी धरलं, उच्च न्यायालयानं २००२ मध्ये सोडलं. तरी मतं मोजावी लागली, हे महत्त्वाचं.

वजनाचा मुद्दा राहतोच. तालमीतही वजन बघूनच जोड लावतात. ३६४ जागांच्या नेहरूंना जे जमलं नाही, त्यातलं काही २३२ वाल्या रावांना जमलं, हे आतेभावाचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. १९९५ च्या १५ ऑगस्टला प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी राष्ट्रीय पोषण आहार योजना सुरू झाली ती रावांच्या सरकारकडून. नेहरूंनी सोडलेल्या त्या जागेत निदान खिचडी तरी पोचली.

आणखी एक गोष्ट मला या दोघांमध्ये धाग्यासारखी दिसते. पहिल्या मतदारयाद्या होत होत्या तेव्हा उत्तरेतल्या लाखो बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही म्हणून ठणकावलं, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. याद्या थोड्या सैल ठेवल्या असत्या तर काँग्रेसचीच मतं वाढली असती. पंतप्रधानांनी त्यात हात घातला नाही. २२ डिसेंबर १९९२ ला, बाबरी पडून सोळा दिवस झाले असताना, लोकसभेनं ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि पुढच्या एप्रिलपासून ग्रामपंचायतीतल्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या. कल्पना राजीव गांधींची, त्यांचं विधेयक १९८९ मध्ये राज्यसभेत पडलं होतं. माझ्याच मापानं रावांचं श्रेय इथे बेताचं आहे. पण तरुणपणी निजाम राजवटीतून नागपूरला शिकायला आलेल्या आणि पुढे हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतल्या यमूची कहाणी तेलुगूत नेलेल्या या माणसाला त्या कलमाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसेल.

आमच्या गावची सरपंच सध्या बाईच आहे. पंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर तिचं पूर्ण नाव आहे, आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. गेल्या दिवाळीत दाखला काढायला गेलो तर खुर्चीत तिचे यजमान बसले होते. म्हणाले, “सही ना? थांबा, तिला बोलावतो. सही तिचीच लागते.”